दहा अडथळे आणि एक पट्टा

आमच्या शाळेच्या वार्षिक क्रीडामहोत्सवात या वर्षी मोठ्या मुलांची अडथळ्यांची शर्यत झाली. ज्यांनी ती पाहिली, त्यांना तिचा शेवट अजून आठवत असेल. शेवटच्या अडथळ्यापाशी दोन मुले अगदी बरोबरीने आली. एकाच्या कोपराचा धक्का दुसऱ्यास लागला, दुसऱ्याचा तोल गेला, अडथळा आडवा झाला आणि तो मुलगा फक्कीच्या रेघेवर गुडघ्यावर आपटला. पहिला मुलगा सर्वांच्या आधी दोरीला पोचला. परंतु पंचांनी त्यास बाद ठरविले. दुसऱ्या दिवशी वर्गात तो उभा राहिला आणि म्हणाला, "सर, मी मुद्दाम धक्का दिला नव्हता. मग माझा पहिला नंबर का गेला?"

प्रश्न प्रामाणिक होता. वर्गाचे लगेच दोन तट पडले. एक तट म्हणे, "हेतू नाही, तेथे गुन्हा नाही." दुसरा म्हणे, "पडला त्याचे काय?" त्या तासात या प्रश्नाचा निकाल लावणे आम्हांस साधले नाही, आणि घाईने लावावा असा तो प्रश्नही नव्हता. म्हणून या अंकाच्या निमित्ताने आम्ही तो सावकाश सोडवावयास घेत आहो. जगातील सर्वांत वेगवान अशा धावपटूंच्या बाबतीत नेमका हाच प्रसंग एकदा घडून गेला आहे. तो समजावयाचा, तर आधी ही शर्यत म्हणजे काय हे नीट समजून घेतले पाहिजे.

शर्यतीचे गणित

पुरुषांची ही शर्यत ११० मीटर लांबीची असते. तीत दहा अडथळे असतात व प्रत्येक अडथळ्याची उंची १०६.७ सेंटिमीटर असते. म्हणजे सामान्य उंचीच्या माणसाच्या कमरेच्याही थोडा वर तो येतो. आरंभरेषेपासून पहिला अडथळा १३.७२ मीटरवर, त्यापुढे प्रत्येक दोन अडथळ्यांमध्ये ९.१४ मीटर अंतर, आणि दहाव्या अडथळ्यापासून अंतिम रेषा १४.०२ मीटरवर.

हे आकडे विद्यार्थ्यांना विचित्र वाटतील. १३.७२ कशासाठी? सरळ १४ का नाही? याचे उत्तर इतिहासात आहे. ही शर्यत इंग्लंडमधील शाळा व विद्यापीठे यांच्या मैदानांवर वाढली, आणि तेथे मोजणी यार्डांत होत असे. ऑक्सफर्ड व केंब्रिज या विद्यापीठांचा मैदानी खेळांचा पहिला सामना १८६४ साली झाला, त्यात १२० यार्डांची अडथळ्यांची शर्यत होती. पहिल्या अडथळ्यापर्यंत १५ यार्ड, मधली नऊ अंतरे प्रत्येकी १० यार्ड, आणि शेवटी पुन्हा १५ यार्ड: बेरीज बरोबर १२०. अडथळ्याची उंची साडेतीन फूट. पुढे यार्ड गेले व मीटर आले. परंतु अडथळे आपल्या जुन्या जागा सोडावयास तयार झाले नाहीत. १२० यार्ड म्हणजे सुमारे १०९.७३ मीटर होतात. ११० पुरे करण्यास जे थोडे उणे पडले, ते शेवटच्या धावेत घातले गेले. म्हणूनच शेवटचा तुकडा पहिल्याहून ३० सेंटिमीटरांनी लांब आहे. विद्यार्थ्यांनी वहीवर बेरीज करून पाहावी. ती बरोबर ११० येईल.

आरंभीचे अडथळे म्हणजे मेंढ्यांच्या वाड्यास लावतात तसली लाकडी कुंपणे असत व ती जमिनीत पक्की रोवलेली असत. त्यांवर पाय आपटला, तर अडथळा हलत नसे, माणूसच पडे. त्यामुळे धावपटू जिवाच्या भीतीने उंच उडी घेत आणि वेळ दवडीत. अमेरिकेच्या आल्व्हिन क्रेन्झलाइन याने पुढचा पाय सरळ ताणून अडथळ्यावरून धावतच जाण्याची पद्धत लोकप्रिय केली व १९०० साली पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये १५.४ सेकंदांत ही शर्यत जिंकली. त्याच्या आधी चारच वर्षे, १८९६ साली अथेन्सला, विजेत्या टॉमस कर्टिस याला १७.६ सेकंद लागले होते. पुढे इंग्रजी ‘एल्’ अक्षराच्या आकाराचा, धक्का लागताच पुढे आडवा होणारा अडथळा आला. आज वरच्या पट्टीच्या मध्यावर किमान ३.६ किलोग्रॅम वजनाइतका जोर लागला की तो पडावा, असा नियम आहे. एके काळी तीन अडथळे पाडणाऱ्यास बाद करीत असत. आता अडथळा चुकून पडला म्हणून कोणी बाद होत नाही. मात्र तो हाताने, धडाने किंवा पुढच्या पायाच्या वरच्या बाजूने पाडता कामा नये, आणि मागचा पाय अडथळ्याच्या बाजूने, त्याच्या उंचीखालून नेता कामा नये.

उडी नव्हे, पाऊल

नवशिक्या मुलांचा समज असा असतो की, ही उड्यांची शर्यत आहे. तो समज चुकीचा आहे. हवेत असताना माणसास वेग वाढविता येत नाही. पाय जमिनीस लागल्यावाचून जमिनीस मागे ढकलता येत नाही. म्हणून जो जितका कमी वेळ हवेत राहील, तितका तो पुढे. चांगला धावपटू अडथळ्याच्या सुमारे दोन मीटर आधी पाय उचलतो, छाती मांडीवर झुकवितो, पुढचा पाय अडथळ्यावरून झटकन खाली आणतो आणि मागचा पाय गुडघ्यात वाकवून, बाजूने आडवा फिरवून पुढे घेतो. अडथळ्यावरून जाताना त्याचे डोके जवळजवळ त्याच पातळीवर राहते. दुरून पाहणाऱ्यास वाटावे की, माणूस सरळ धावतो आहे आणि अडथळेच त्याच्या पायांखालून निघून जात आहेत.

दोन अडथळ्यांमध्ये तो नेमकी तीन पावले टाकतो. तीनच का? चार टाकली, तर प्रत्येक अडथळ्यास पाय बदलेल. एकदा डावा पुढे, एकदा उजवा पुढे. पाच टाकली, तर पाय तोच राहील, परंतु पावले आखूड होऊन वेग जाईल. तीन पावलांत पायही तोच राहतो आणि वेगही टिकतो. म्हणून शर्यतीचा सारा ताल या तीन पावलांवर बांधलेला आहे. अव्वल धावपटूस एका अडथळ्यापासून दुसऱ्यापर्यंत जावयास सुमारे एक सेकंद लागतो. घड्याळाचा काटा टिक् म्हणतो आणि एक अडथळा मागे पडतो. पहिल्या अडथळ्यापर्यंत पूर्वीपासून बहुतेक जण आठ पावले टाकीत. क्यूबाचा डायरॉन रोब्लेस सात टाकी, आणि २०११ साली चीनच्या लिऊ शियांग यानेही आपली जुनी आठ पावले सोडून सातांचा सराव केला. एक पाऊल कमी करण्यासाठी जगज्जेत्यासही पहिल्यापासून शिकावे लागले, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

हा ताल एकदा मोडला, म्हणजे काय होते? अमेरिकेचा हॅरिसन डिलार्ड हा आपल्या काळी या शर्यतीतील सर्वश्रेष्ठ धावपटू मानला जाई. १९४८ साली ऑलिंपिकसाठी संघ निवडण्याची चाचणी झाली, तीत तो अडथळ्यांना धडकत गेला आणि शर्यत पुरी करू शकला नाही. ज्या शर्यतीत जगात त्याची बरोबरी करणारा कोणी नव्हता, तिच्यासाठी त्याची निवड झाली नाही. मात्र १०० मीटरच्या साध्या धावेत तो तिसरा आला होता, म्हणून लंडनला गेला, आणि तेथे १०० मीटरचे सुवर्णपदक जिंकून आला. तरी मनातील सल गेला नसावा. कारण चार वर्षे थांबून, १९५२ साली हेलसिंकी येथे, त्याने ११० मीटर अडथळ्यांचे सुवर्णपदक १३.७ सेकंदांत मिळविलेच.

पट्टा किती रुंद?

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे वळू. प्रत्येक धावपटूस स्वतःचा एक पट्टा दिलेला असतो. मैदानावर आपण त्यास ‘लेन’ म्हणतो. त्याची रुंदी १.२२ मीटर असते. अडथळा जवळजवळ तितकाच रुंद असतो. दोन शेजारच्या अडथळ्यांमध्ये जेमतेम दोन-चार सेंटिमीटर फट राहते. आता विद्यार्थ्यांनी आपले दोन्ही हात बाजूस पसरून उभे राहावे. बोटांच्या टोकांपासून टोकांपर्यंतचे अंतर पट्ट्याच्या रुंदीहून अधिक भरते, असे सहज दिसेल.

साध्या धावेत हात पुढे-मागे हलतात, म्हणून कोणाचे काही अडत नाही. अडथळ्यावर मात्र तसे नसते. ज्या बाजूचा पाय मागून फिरून येतो, त्याच बाजूचा हात तोल सांभाळण्यासाठी बाहेर पसरत मागे जातो. शेजारच्या दोघांच्या या बाजू समोरासमोर आल्या आणि दोघे एकाच क्षणी एकाच अडथळ्यावर असले, तर हातास हात लागणे अगदी शक्य असते. म्हणजे या खेळात स्पर्श हा काही दुर्मिळ अपघात नव्हे. मग कोणता स्पर्श क्षम्य आणि कोणता अक्षम्य? येथेच नियमाची कसोटी लागते.

डेगू, २९ ऑगस्ट २०११

दक्षिण कोरियातील डेगू या शहरी २०११ साली मैदानी खेळांची तेरावी जागतिक स्पर्धा भरली होती. २९ ऑगस्ट रोजी ११० मीटर अडथळ्यांची अंतिम शर्यत होती. आदल्याच दिवशी १०० मीटरच्या अंतिम शर्यतीत जमैकाचा उसेन बोल्ट बंदुकीच्या आधी निघाल्यामुळे बाद झाला होता. पूर्वी अशा चुकीस एकदा माफी मिळे. २०१० पासून ती राहिली नव्हती. जगातील सर्वांत प्रसिद्ध धावपटूस नियमाने मैदानाबाहेर काढले होते, आणि त्या धक्क्यातून प्रेक्षक अजून सावरले नव्हते.

अडथळ्यांच्या या शर्यतीत जे उभे होते, त्यांत त्या वेळेपर्यंतचे जगातील तीन सर्वांत वेगवान पुरुष होते. डायरॉन रोब्लेस याचा २००८ सालचा विश्वविक्रम १२.८७ सेकंदांचा. लिऊ शियांग याची २००६ सालची वेळ १२.८८. अमेरिकेच्या डेव्हिड ऑलिव्हर याची २०१० सालची वेळ १२.८९. तिघांमध्ये दोन शतांश सेकंदांचे अंतर!

यांपैकी दोघांची कहाणी एकमेकांत गुंतलेली होती. लिऊ हा २००४ साली अथेन्सला १२.९१ सेकंदांत ऑलिंपिक सुवर्णपदक जिंकणारा धावपटू. २००८ चे ऑलिंपिक त्याच्या स्वतःच्या देशात, बीजिंग येथे होते. साऱ्या चीनचे डोळे त्याच्याकडे लागले असता टाचेच्या दुखापतीमुळे पहिल्याच फेरीत त्यास एकही अडथळा न ओलांडता मैदान सोडावे लागले. त्या स्पर्धेत सुवर्णपदक मिळविले ते रोब्लेसने. त्यानंतर लिऊच्या टाचेवर शस्त्रक्रिया झाली, आणि दीर्घ परिश्रमांनी तो पुन्हा उभा राहिला. डेगू येथे दोघे शेजारशेजारच्या पट्ट्यांत उभे होते.

बंदूक झाली. रोब्लेस झपाट्याने निघाला. अडथळ्यामागून अडथळा मागे पडू लागला, तसतसा लिऊ त्यास गाठू लागला, आणि शेवटच्या टप्प्यात तो त्याच्या बरोबरीस आला. तोच नवव्या व दहाव्या अडथळ्यांच्या सुमारास रोब्लेसचा हात लिऊच्या हातास लागला. एकदा नव्हे, दोनदा. दुसऱ्या वेळी लिऊचा ताल मोडला. शेवटच्या अडथळ्यावर तो अडखळला व मागे पडला. रोब्लेस १३.१४ सेकंदांत पहिला आला. अमेरिकेचा जेसन रिचर्डसन १३.१६ सेकंदांत दुसरा, लिऊ १३.२७ सेकंदांत तिसरा.

वेळेतील हे अंतर किती लहान, ते काढून पाहू. ११० मीटर १३.१४ सेकंदांत, म्हणजे सेकंदास सरासरी सुमारे ८.३७ मीटर. दोन शतांश सेकंदांत या वेगाने सुमारे १७ सेंटिमीटर अंतर कापले जाते. पहिल्या व दुसऱ्यामध्ये वीतभरही अंतर नव्हते. लिऊ मागे राहिला तो सुमारे १ मीटर ९ सेंटिमीटरांनी. म्हणजे त्याच्या एका पावलाहूनही कमी.

चीनच्या संघाने तक्रार नोंदविली. पंचांनी चित्रफीत पुन्हा पाहिली आणि रोब्लेसला बाद ठरविले. क्यूबाच्या संघाने त्या निर्णयाविरुद्ध दाद मागितली. ती फेटाळली गेली. सुवर्णपदक रिचर्डसनला मिळाले, रौप्य लिऊला, आणि चौथा आलेला ब्रिटनचा अँड्र्यू टर्नर १३.४४ सेकंदांवर कांस्यपदकाचा मानकरी झाला.

निकाल बदलला, तो न्याय झाला काय?

आता आमच्या वर्गातील दोन्ही तटांनी पुढे यावे.

पहिला तट म्हणेल, रोब्लेसने मुद्दाम केले असे कोण म्हणेल? सेकंदास आठ मीटरांहून अधिक वेगाने धावणाऱ्या, कमरेएवढ्या अडथळ्यावरून जाणाऱ्या माणसास शेजाऱ्याचा हात धरून ओढण्याचा विचार सुचण्यास वेळ तरी कोठे असतो? आक्षेप वजनदार आहे. परंतु त्या वेळच्या नियमाचा आशय पाहिला म्हणजे दिसते की, तेथे हेतूचा प्रश्नच विचारलेला नव्हता. एकाने दुसऱ्यास धक्का दिला किंवा त्याची वाट अडविली, आणि त्यामुळे दुसऱ्याच्या धावेस बाध आला, तर पहिला बाद होण्यास पात्र, इतकेच तो नियम सांगत होता. नियमाने दोनच गोष्टी पाहावयाच्या होत्या: स्पर्श कोणाकडून झाला, आणि त्याने दुसऱ्याची धाव अडली काय. मन पाहता येत नाही. चित्रफितीत हात दिसतो, मोडलेले पाऊल दिसते. जे दिसत नाही त्यावर निकाल देऊ लागलो, तर ज्याचा चेहरा भोळा तो सुटेल आणि ज्याचा उग्र तो अडकेल.

येथे एक भेद मनात स्पष्ट ठेवला पाहिजे. बाद होणे म्हणजे गुन्हेगार ठरणे नव्हे. चोरास शिक्षा करताना त्याचा हेतू पाहतात, कारण तेथे माणसाच्या शीलाचा निवाडा असतो. शर्यतीत निवाडा असतो तो शर्यतीचा. आठ जणांना आठ पट्टे दिले, ते सर्वांना सारखी वाट मिळावी म्हणून. एकाची वाट दुसऱ्यामुळे तुटली, तर तेवढ्यापुरती ती शर्यत सारखी राहिली नाही. ज्याच्यामुळे वाट तुटली, त्याचे मन कितीही निर्मळ असो, त्या तुटलेल्या वाटेचा लाभ त्याच्या हाती राहू देता येत नाही. रोब्लेसचे पदक गेले. त्याचे चारित्र्य गेले नाही. आमच्या त्या विद्यार्थ्यालाही आम्ही हेच सांगू इच्छितो: बाळ, तुझा नंबर गेला, तुझा प्रामाणिकपणा गेला नाही. या दोन गोष्टी एक समजू नकोस.

दुसऱ्या तटासही एक गोष्ट सांगितली पाहिजे. रोब्लेस बाद झाला म्हणून लिऊला त्याचे गेलेले परत मिळाले, असे नाही. धक्का लागला नसता तर तो पहिला आला असता काय? कदाचित् आला असता. कदाचित् रिचर्डसनने त्यास मागे टाकले असते. हे कोणीही सांगू शकत नाही, आणि म्हणून पंचांनीही सांगितले नाही. त्यांनी लिऊला जो क्रमांक दिला, तो प्रत्यक्ष धावेतून आलेला दिला. कल्पनेतील धावेचा दिला नाही. सुवर्णपदक गेले ते अशा माणसास, ज्याचे या भांडणाशी काहीच नाते नव्हते. जो आपल्या पट्ट्यातून आपली तीन-तीन पावले मोजीत शेवटपर्यंत धावला होता. नियम अन्यायाचा लाभ काढून घेऊ शकतो. झालेली हानी पुरी भरून देऊ शकत नाही. ही न्यायाची मर्यादा आहे आणि ती समजून घेणे हाही शिक्षणाचाच भाग आहे. यातूनच पुढचा धडा निघतो: दुसऱ्याची वाट एकदा मोडली की ती पंचांनाही जोडता येत नाही, म्हणून ती मोडू नये ही काळजी धावणाऱ्यानेच घेतली पाहिजे. हात कोठे जातो हे न पाहता धावणे, हा अपराध नसेल. पण ती अपुरी साधना आहे, आणि सरावाने ती पुरी करता येते.

एक वर्षानंतर

या गोष्टीस पुढचे एक प्रकरण आहे, आणि आम्हांस ते शर्यतीइतकेच मोलाचे वाटते. २०१२ साली लंडन येथे ऑलिंपिक भरले. पहिल्या फेरीत पहिल्याच अडथळ्यावर लिऊचा पाय आपटला आणि तो कोसळला. टाचेची जुनी दुखापत उलटली होती. तो उठला, मैदानाबाहेर जाण्याच्या वाटेकडे वळला. मग परत फिरला, आणि एका पायावर लंगडी घालीत अंतिम रेषेपर्यंत गेला. वाटेत आपल्या पट्ट्यातील शेवटच्या अडथळ्यापाशी थांबून त्याने त्या अडथळ्याचे चुंबन घेतले. रेषेपाशी त्याच्याबरोबर धावलेले प्रतिस्पर्धी त्याची वाट पाहत थांबले होते. हंगेरीच्या बालाझ बाजी याने त्याचा हात विजेत्याप्रमाणे उंच धरला. त्यास आधार देणाऱ्यांत ब्रिटनचा अँड्र्यू टर्नरही होता. तोच टर्नर, ज्यास डेगू येथे निकाल बदलल्यामुळे कांस्यपदक मिळाले होते.

त्याच स्पर्धेच्या अंतिम शर्यतीत रोब्लेस दुखापतीमुळे नीट धावू शकला नाही. सुवर्णपदक अमेरिकेच्या एरिस मेरिट याने १२.९२ सेकंदांत मिळविले आणि डेगूचा विजेता रिचर्डसन दुसरा आला. लिऊ त्यानंतर पुन्हा शर्यतीत उतरला नाही. २०१५ साली त्याने निवृत्ती जाहीर केली. परंतु लंडनच्या त्या धावेत ज्याला अधिकृतपणे कोणताच क्रमांक नव्हता, त्याच माणसाचा हात उंचावलेला लोकांच्या स्मरणात राहिला आहे.

आपल्याकडील वाट

हा खेळ परक्यांचाच आहे असे कोणी समजू नये. १९६४ साली टोकियो येथील ऑलिंपिकमध्ये आपल्या गुरुबचनसिंग रंधावा यांनी या शर्यतीची अंतिम फेरी गाठली आणि १४.० सेकंदांत पाचवा क्रमांक मिळविला. अमेरिकेचा हेज जोन्स १३.६ सेकंदांत पहिला आला होता. पहिल्या व पाचव्यामध्ये अर्ध्या सेकंदाहूनही कमी अंतर! हेच रंधावा १९६२ साली जाकार्ता येथील आशियाई स्पर्धेत दशकसरतीचे, म्हणजे दहा प्रकारांच्या मिळून होणाऱ्या स्पर्धेचे, सुवर्णपदक जिंकून आले होते.

मराठी वाचकांना आनंद वाटावा अशी गोष्ट म्हणजे, अलीकडे या शर्यतीच्या राष्ट्रीय विक्रमाशी महाराष्ट्राचे नाव जोडले गेले आहे. मुंबईच्या सिद्धांत थिंगळाया याने २०१७ साली १३.४८ सेकंदांची नोंद केली होती. २०२४ च्या मे महिन्यात फिनलंडमध्ये महाराष्ट्राच्या तेजस शिरसे याने १३.४१ सेकंदांत धावून ती मागे टाकली. रंधावांचे १४.० आणि शिरसेचे १३.४१ यांमध्ये साठ वर्षे आहेत. धावपट्ट्या बदलल्या, घड्याळे बदलली. परंतु अडथळ्याची उंची व दोन अडथळ्यांमधील ९.१४ मीटर तेच राहिले आहेत.

ज्या मुलांना ही शर्यत शिकावयाची असेल, त्यांनी मोठ्यांच्या उंचीचा नाद धरू नये. अठरा वर्षांखालील मुलांसाठी उंची ९१.४ सेंटिमीटर आणि वीस वर्षांखालील तरुणांसाठी ९९.१ सेंटिमीटर असते. त्याही आधी मैदानावर फक्कीने नुसत्या रेघा आखून तीन पावलांचा ताल बसवावा. मग वीतभर उंचीच्या बांबूवरून जावे. मग उंची हळूहळू वाढवावी. आणि शेजारच्या पट्ट्यात सोबती घेऊन सराव करावा. एकट्याने धावताना हात कोठे जातात हे कधीच कळत नाही. ते शेजारी कोणी असला म्हणजेच कळते.

आमच्या शाळेतील ते दोन विद्यार्थी आता रोज संध्याकाळी शेजारशेजारच्या पट्ट्यांत सराव करीत असतात, हे सांगण्यास आम्हांस समाधान वाटते. ज्याचा गुडघा फुटला होता, तो बरा झाला आहे. ज्याचा नंबर गेला, तो आता मागे येणारा हात अंगाशी ठेवावयास शिकतो आहे. पुढील वर्षी त्यांच्यापैकी पहिला कोण येईल, हे आम्ही सांगू शकत नाही. परंतु दोघेही आपापल्या पट्ट्यातून शेवटपर्यंत धावतील, अशी आमची खात्री आहे.

विचार करण्यासाठी प्रश्न

१. १३.७२, ९.१४ व १४.०२ या अंतरांची योग्य बेरीज करून शर्यतीची लांबी ११० मीटर येते, हे दाखवा.

२. दोन अडथळ्यांमध्ये चार पावले टाकल्यास कोणती अडचण येईल? मैदानावर रेघा आखून स्वतः करून पाहा.

३. "बाद होणे म्हणजे गुन्हेगार ठरणे नव्हे." या विधानास शाळेतील किंवा घरातील एक उदाहरण द्या.

४. डेगूच्या शर्यतीत तुम्ही पंच असता, तर काय निर्णय दिला असता? आपल्या मताच्या विरुद्ध बाजूचे सर्वांत बळकट कारण आधी लिहा. मग आपले मत लिहा.